अधिकृत चेहरा

फोन माणसाचा असतो आणि माणूस कंपनीचा असतो, एवढं एकदा मान्य केलं की फोन कुणाचा हा प्रश्न उरत नाही. तरीही काही लोक तो विचारतात. अशा लोकांसाठीच धोरणं आखावी लागतात आणि धोरणं आखायला समित्या नेमाव्या लागतात. समित्यांच्या चहाबिस्किटांचा खर्च मुळात कुणामुळे होतो, याचा विचार कर्मचाऱ्यांनी करायला हवा. ते तो करत नाहीत.

ही कंपनी पायपुसणी बनवते. काथ्याची, रबराची आणि वर ‘या’ असं लिहिलेली (यातलं ‘या’ पहिल्या महिन्यातच पुसलं जातं, पुढे ते नुसतंच पायपुसणं असतं). तिच्या तक्रार विभागात नाना नावाचे एक गृहस्थ होते. विभाग म्हणजे नाना, नानांचं टेबल आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची. पायपुसणं घसरलं आणि कुणी आपटलं, की नानांनी माफी मागायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि एवढ्या नोकरीत नानांनी मागितली नाही अशी माफी शिल्लक नव्हती.

नानांना एक नात होती. लेकीची मुलगी, वय वर्षं चार, राहायला दूरच्या गावी. एका जागी बसणं तिला ठाऊक नसल्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. रोज संध्याकाळी भिंगरी फोनच्या पडद्यावर यायची, दोन्ही कानांवर बापाचे मोजे अडकवायची आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं बकरीसारखी ओरडायची. मग नाना हसायचे. आधी आवाज न करता पोट हलायचं, मग डोळे मिटायचे, मग नाकातून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि शेवटी चष्मा हातात घेऊन डोळे पुसायची वेळ यायची. ते बघून भिंगरी हसायची. दिवसभर लोकांचे टोमणे खाऊन घरी आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि नानांनाही लागत नव्हतं. एवढी चैन धोरणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

धोरणाला निमित्त झालं ते विक्री विभागातल्या एका गृहस्थांचं. ते केस कापायला गेले आणि फोन आरशापुढे विसरून आले. न्हाव्यानं तासाभरात तो स्वतः आणून दिला, वर “घरून फोन होता, येताना दूध आणायला सांगितलंय” असा निरोपही दिला. सामान्य माणसाला यात न्हाव्याचा भलेपणा दिसला असता. मोठ्या साहेबांना भगदाड दिसलं. मधल्या तासाभरात आपल्या पायपुसण्यांची गुपितं भलत्या हातांत पडली नसतील कशावरून, असं त्यांनी विचारलं. पडली नसतील असं कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. (आपल्या पायपुसण्यांची सगळी गुपितं कुठल्याही दुकानात पट्टी लावून मोजता येतात, हे हिशेबनीस बाईंच्या मनात आलं होतं. पण त्यांची बढती व्हायची होती.)

समिती तिघांची झाली. अध्यक्ष मोठे साहेब, सचिव हिशेबनीस बाई आणि तिसरे सुरक्षा सल्लागार. सल्लागार मुळात प्रिंटर दुरुस्त करायला आले होते. टेबलाखाली वाकून वायर शोधताना त्यांच्या तोंडून ‘पासवर्ड’ हा शब्द निघाला आणि साहेबांनी तिथल्या तिथे त्यांची नेमणूक करून टाकली. (प्रिंटर अजून बंद आहे. मात्र तो आता सुरक्षा विभागाच्या ताब्यात असल्यामुळे त्याला बंद न म्हणता सुरक्षित म्हणतात.)

समितीनं पुष्कळ नियम केले. त्यातले तीन मुख्य होते.

ज्या फोनवर कामाचा एक जरी निरोप येतो, तो फोन कामाचा. (साहेब रोज सकाळी सर्वांना पाठवतात ते फुलाचं चित्र हा कामाचा निरोप समजावा.)

असा फोन फक्त कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यानं उघडेल, आणि वापर संपेपर्यंत तोच चेहरा समोर राहील. चेहरा बदलल्यास फोन परक्या माणसाच्या हाती पडला असं समजून तो आपोआप बंद होईल.

एकाच चार्जरवर चार्ज होणारे फोन एकमेकांचे नातेवाईक मानण्यात येतील.

हा तिसरा नियम समितीच्या दूरदृष्टीचा कळस होता. कर्मचाऱ्याचा फोन बंद केला तर तो बायकोचा वापरेल, हे समितीनं आधीच ताडलं होतं. नानांच्या घरी चार्जर एकच होता. त्यामुळे नानांच्या बायकोचा फोनही नानांच्याच चेहऱ्यानं उघडू लागला आणि बहिणीशी बोलायचं झालं की त्या नानांना अंघोळीतून बाहेर बोलावू लागल्या.

“मी कुठं तुमच्या कंपनीत कामाला आहे?” त्यांनी विचारलं.

“चार्जर आहे ना,” नाना म्हणाले.

चेहऱ्यांची नोंद सभागृहात झाली. सल्लागारांनी एका तिपायी लाकडी घोडीवर फोन बसवला होता आणि प्रत्येकानं समोरच्या खुर्चीत बसून त्यात बघायचं होतं. काम चोख व्हावं म्हणून मोठे साहेब जातीनं हजर होते. ते फोनच्या बरोबर मागे बसले आणि चष्म्याच्या वरून प्रत्येकाकडे बघत राहिले. त्यामुळे एरवी कधी होत नाही ते झालं. सगळ्यांनी मन लावून एकाच दिशेला बघितलं. भुवया जराशा वर, मान जराशी खाली, नजर साहेबांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर आणि ओठ ‘हो साहेब’ म्हणण्याच्या बेताला येऊन थांबलेले. नानांचा चेहरा तर इतका सुरेख जमला की सल्लागारांनी तो दोनदा बघितला.

अडचण एकच आली. यंत्रणेनं पहिले सोळा कर्मचारी हा एकच माणूस धरला. शिपाई आणि कारखाना व्यवस्थापक यांच्यात तिला काडीचाही फरक दिसेना. साहेबांना हे ऐकून भरून आलं. संस्थेत इतकी एकी असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण सुरक्षेच्या दृष्टीनं हे बरं नव्हतं. तेव्हा सल्लागारांनी यंत्रणेची कडक तपासणी आणखी कडक केली. आता नोंदलेल्या चेहऱ्याची एक सुरकुती जरी इकडची तिकडे झाली तरी पडद्यावर ‘अनोळखी इसम’ अशी अक्षरं येऊन फोन बंद होणार होता.

पहिल्या तिमाहीचा अहवाल डोळे दिपवणारा होता. या काळात एकही फोन परक्या माणसाला उघडता आला नाही. खुद्द मालकांनी केलेल्या प्रयत्नांपैकी शेकडा बासष्ट प्रयत्न फसले, त्यावरून परक्यांचं काय झालं असतं याची कल्पना यावी. (परक्यांनी किती प्रयत्न केले हा आकडा अहवालात शून्य असा आहे. धोरणाचा दरारा!)

कर्मचारीही हळूहळू तयार झाले. घरी फोन उघडायचा तर साहेबांसमोरचा चेहरा करावा लागे, आणि तो साहेबांशिवाय होईना. मग ज्यानं त्यानं आपापली युक्ती काढली. भांडारपालानं साहेबांचा फोटो स्वयंपाकघरात टांगला. त्याच्या सासूबाईंना ते व्याही वाटले. टंकलेखक बाईंचा नवरा दाराआडून साहेबांसारखा खाकरायचा. कारखाना व्यवस्थापक काही न करता फोन उघडत. त्यांना दुसरा चेहराच नव्हता.

नानांनाही जमलं. माफी मागण्यात हयात गेलेल्या माणसाला तो चेहरा आणायला वेळ लागत नाही. संध्याकाळी त्यांनी चेहरा आणला, फोन उघडला, पलीकडे भिंगरी आली. तिनं मोजे अडकवले आणि ती ओरडली. नानांचं पोट हललं, डोळे मिटले आणि फोन बंद झाला.

त्यांनी पुन्हा चेहरा आणला, पुन्हा फोन लावला. भिंगरी म्हणाली, “आजोबा, तू कुठं गेलास?”

“इथंच आहे गं.”

“मग हे बघ,” असं म्हणून तिनं मोजे नाकाला लावले. फोन बंद.

असं रोज होऊ लागलं. नानांनी हसू दाबायची पराकाष्ठा केली. दात ओठात रोवले, मांडीला चिमटे काढले, पायपुसण्यावरून घसरून कमरेचं हाड मोडलेल्या एका आजींची तक्रार आठवून बघितली. पण नातीनं मनावर घेतलं की आजोबाचा टिकाव लागत नाही. एकदा सलग तीनदा फोन बंद झाला आणि चौथ्यांदा लागला तेव्हा पलीकडे भिंगरी मोजे हातात घेऊन हमसून हमसून रडत होती. त्यांचा चेहरा पडला, तसा फोन पुन्हा बंद झाला. रडणाऱ्या नातीसमोर कासावीस झालेला माणूसही यंत्रणेच्या मते अनोळखीच होता, आणि यंत्रणेत दुजाभाव नाही हे यावरून दिसतं.

नुसत्या आवाजावर बोलून बघावं तर ज्या फोनमध्ये तोंड दिसत नाही त्यात आजोबा नसतात, असं भिंगरीचं ठाम मत होतं. एकदा नानांनी शेजाऱ्यांचा फोन मागून घेतला. पण सगळं शेजारघर भोवती कोंडाळं करून उभं राहिलं, आणि शेजारी म्हणाले, “यात हसण्यासारखं काय आहे ते आम्हालाही सांगा की.” ते सांगता येईना, आणि सांगता येण्याजोगं नसलेलं हसू चारचौघांत येईना.

“अहो, जा आणि सांगा त्या साहेबाला तोंडावर,” बायको म्हणाली. “आम्ही नातीशी हसून बोलणार म्हणावं. तो कोण टिकोजीराव लागून गेलाय?”

आयुष्यात पहिल्यांदा नाना स्वतःची तक्रार घेऊन निघाले. तक्रार विभाग त्यांचाच असल्यामुळे ती त्यांनीच नोंदवून घेतली, स्वतःची रीतसर माफी मागितली आणि पुढे समितीकडे पाठवली. मागणी साधी होती. आपला आणखी एक चेहरा आहे, तो हसरा आहे, त्याचीही नोंद व्हावी.

समितीनं ही मागणी सहानुभूतीनं ऐकली.

“नाना, चेहरा तुमचाच आहे याला पुरावा काय?” साहेबांनी विचारलं. “उद्या कुणीही येऊन म्हणेल, हा माझा हसरा चेहरा. आपण नोंदत बसायचं का?”

“साहेब, माझाच आहे तो.”

“तुम्ही म्हणता म्हणून? तुम्हाला तरी तो कधी दिसलाय का?”

हे खरं होतं. हसताना नानांचे डोळे मिटत. दोन अधिकाऱ्यांनी तो चेहरा स्वतः पाहिल्याचं सांगितलं तर विचार करू, असं हिशेबनीस बाईंनी सुचवलं. (बाई मनानं चांगल्या. बढती आठवड्यावर आली होती.) मग कार्यालयात विचारणा झाली. नानांबरोबर उभा जन्म काढलेले लोक डोकं खाजवू लागले. नानांना खोकताना पाहिलेले होते, शिंकताना पाहिलेले होते. हसताना कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटी चहावाल्या मावशी पुढे झाल्या.

“मी बघितलंय. एकदा डबा खाताना नातीचा फोन आला होता त्यांना. आधी पोट हलतं बघा, मग नाकातून शिट्टी वाजते.”

मावशी अधिकारी नव्हत्या, तरी समितीनं त्यांचं म्हणणं मोठ्या मनानं ऐकून घेतलं. मात्र पोट यंत्रणेच्या कक्षेत येत नाही आणि शिट्टी हा चेहरा नव्हे, या दोन कारणांनी ते बाजूला ठेवावं लागलं.

“असं करू,” साहेब म्हणाले, “नाना, तुम्ही इथंच हसून दाखवा. आत्ता नोंद करून टाकू. हाय काय नि नाय काय!”

सल्लागारांनी घोडी आणून तिच्यावर नानांचा फोन बसवला. साहेब फोनच्या मागे बसले. नाना खुर्चीत बसले आणि हसू लागले. निदान तसा प्रयत्न करू लागले. त्यांनी भिंगरीचे मोजे डोळ्यांसमोर आणले, पण मोज्यांच्या मधोमध साहेबांचं दुसरं बटण येई. घाम फुटला. हे हसू आज आलं नाही तर नात हातची जाईल या विचारानं जीव टांगणीला लागला, आणि जीव टांगणीला लागला की हसू येत नाही.

साहेबांना त्यांची दया आली. “थांबा, मी तुम्हाला एक विनोद सांगतो,” असं म्हणून त्यांनी विनोद सांगितला. तो एका माणसाचा आणि त्याच्या सासूचा होता आणि साहेबांनी तो दरवर्षी वार्षिक सभेत सांगितलेला होता. हिशेबनीस बाई हसल्या. सल्लागार हसले. दाराबाहेर उभे असलेले लोक, ज्यांना तो ऐकूही आला नव्हता, तेही हसले. आणि नानाही हसले. तोंड चांगलं उघडून, दात दाखवून, हा हा हा असा आवाज काढून.

फोननं त्यांच्याकडे बघितलं, ओळख पटल्याचा आवाज केला आणि तो उघडला.

सल्लागारांनी यंत्रणा पुन्हा तपासली. चूक नव्हती. सुरकुतीला सुरकुती जुळत होती. नानांचं हसणं आणि नानांचं न हसणं यांत काही फरक नाही, हे यंत्राच्या साक्षीनं सिद्ध झालं होतं. साहेब नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघा! उगाच जीवाला लावून घेतलंत. खुशाल हसा की घरी.”

नाना “हो साहेब” म्हणाले. दुसरं काही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

आणि गंमत अशी, की त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पुढच्या आठवड्यात भिंगरीनं मोजे कानांवर अडकवले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ती पडद्यासमोर मांडी घालून, हात मांडीवर ठेवून बसू लागली. “आजोबा, जेवलास का?” असं विचारू लागली, आणि उत्तर मिळालं की मान हलवू लागली. फोन एकदाही बंद पडेना. नानांचे फोन सरासरी चारपट लांबल्याची नोंद समितीनं समाधानानं घेतली. (तक्रारदारालाच धोरणाचा सर्वाधिक लाभ झाल्याचं हे एकमेव उदाहरण नसावं.)

नानांना मात्र हा लाभ सहन होईना. “तिला कंटाळा आला असेल माझा,” ते बायकोला म्हणाले. “मोठी होतेय. रोज रोज म्हातारा बघून काय करणार?” रात्री जेवताना त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. आपण त्या पोरीला गमावून बसलो, आणि तेही तिच्याशी रोज बोलत असताना, हे त्यांना कळत होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

सुट्टी लागली आणि लेक भिंगरीला घेऊन आठ दिवस राहायला आली. नानांनी रजा काढली. फोन त्यांनी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि लेकीच्या पिशवीतून जावयाचे मोजे शोधून काढले. भिंगरी पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसली होती. नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले, दोन्ही कानांवर मोजे अडकवले आणि बकरीसारखे ओरडले.

भिंगरीच्या ओठांच्या कडा थरथरल्या. ते बघून नानांचं पोट हललं. किती दिवसांनी हललं! डोळे मिटायला लागले, शिट्टी नाकापर्यंत आली, आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडावर एक लहानसा तळवा घट्ट दाबला गेला.

“नको ना आजोबा,” भिंगरी काकुळतीला येऊन म्हणाली. “हसू नको ना. हसलास की तू जातोस.”

“नाही जात गं. इथंच आहे बघ मी. हात लावून बघ.”

तिनं दुसऱ्या हातानं त्यांचा गाल चाचपून बघितला. पण तोंडावरचा तळवा काढला नाही. नाना तसेच बसून राहिले, कानांवर मोजे घेऊन. दारात उभी असलेली लेक तोंड फिरवून आत निघून गेली.

आठही दिवस भिंगरी हसली नाही आणि तिनं आजोबांना हसू दिलं नाही. रजा संपल्यावर नाना सरळ साहेबांच्या खोलीत गेले.

“साहेब, पोर समोर बसलेली असते, तरी मला हसू देत नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. एवढ्या नोकरीत तो पहिल्यांदाच चढला होता. “घाबरते ती. तुमचं ते धोरण काढून टाका. लेकरू आहे हो ते!”

साहेब ताडकन उभे राहिले.

“समोर बसलेली असताना?” त्यांनी विचारलं. “म्हणजे फोन नसतानासुद्धा?”

“फोन कपाटात होता.”

“कपाटात!” साहेबांचा आवाज कापरा झाला. त्यांनी त्याच क्षणी समिती बोलावली. फोनशिवाय, चार्जरशिवाय, आणि जी कंपनीची कर्मचारीसुद्धा नाही अशा व्यक्तीकडून धोरणाची इतकी काटेकोर अंमलबजावणी आजवर कुठं झाली नव्हती. भिंगरीला समितीतर्फे एक पायपुसणं भेट म्हणून पाठवण्यात आलं. नानांचा सत्कार झाला. सत्काराच्या फोटोत नानांचा चेहरा नोंदीबरहुकूम आहे.

इतरांना वस्तुपाठ मिळावा म्हणून समितीनं ही हकिकत सगळ्या सुरक्षित फोनवर पाठवायचं ठरवलं; ती हीच. वाचणाऱ्याचा चेहरा मध्येच हलला, मग तो हसण्यानं हलो की डोळे भरून येण्यानं, तर मजकूर तिथल्या तिथे बंद व्हावा अशी सोय सल्लागारांनी तीत केलेली आहे. तुम्ही या शेवटच्या ओळीपर्यंत येऊन पोचला आहात. समिती तुमची आभारी आहे.